चौथा ठोकळा

१

मॅनेजर मेला तो बुडून नव्हे. मिठाच्या कारखान्यातल्या त्या टाकीत बुडतो म्हटलं तरी कुणाला बुडता येत नाही. पाणी इतकं खारट आणि जड, की माणूस बुचासारखा वर येतो. मॅनेजर मेला तो डोकं फुटून. रोज दुपारचं जेवण उरकलं की तो टाकीतल्या फळीवर चढायचा, टोकाशी जाऊन ओणवा व्हायचा आणि बाटलीत पाण्याचा नमुना भरून घ्यायचा. दुसऱ्या कुणाच्या हातचा नमुना त्याला चालायचा नाही. त्या दिवशी तो ओणवा झाला आणि फळी टोकाशी खचली. डोकं टाकीच्या लोखंडी काठावर आदळलं, आणि माणसं धावत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

दिवेलागणीच्या आत पोलिसांनी टाकीवाल्याला उचललं.

टाकीवाला म्हणजे फौजदारबाईंचा धाकटा. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण बाजारात, दवाखान्यात, जिन्यात, जो तो त्यांना अजून फौजदारबाईच म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं गजाआड घातली त्यांनी, आणि आता स्वतःचं पोर बघायला त्याच चौकीच्या त्याच बाकावर येऊन बसल्या होत्या. इन्स्पेक्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो खुर्चीवरून उठून उभा राहिला, पण नजर काही वर उचलेना.

"बाई, माझा नाइलाज आहे. फळीला चार पाय. चारही पायांखाली मिठाचे दाबलेले ठोकळे. मला आधी हसूच आलं, पाण्यात मिठाचे ठोकळे कोण ठेवतं!"

"सगळे मिठाचे कारखाने ठेवत असतील," बाई म्हणाल्या. "लोखंड गंजतं, वीट फुटते, लाकूड कुजतं. त्या पाण्यात मिठाला मात्र काही होत नाही. पुढे बोल."

"तर चौथा ठोकळा गायब आहे. विरघळला. टाकीला गोड्या पाण्याचा नळ आहे, त्याची चावी फक्त तुमच्या मुलाकडे असते. नळ सोडला, ठोकळा विरघळवला, नळ बंद केला. दोन दिवसांपूर्वी मॅनेजरशी त्याची कडाक्याची भांडणं झाली होती. 'तुमच्या पापाचा घडा भरलाय' असं तो सगळ्यांसमोर ओरडला. कशावरून भांडले ते विचारतोय, तर तोंडातून शब्द काढत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, सोपं उत्तर आधी तपासायचं?"

"तपासायचं म्हटलं होतं रे बाबा. गिळायचं नव्हतं."

मग त्यांना मुलाजवळ सोडलं. धाकटा भिंतीला टेकून बसला होता. लहानपणी ताप आला की असाच बसायचा, गुडघे पोटाशी घेऊन. बाईंनी आवाज ताठ ठेवला.

"तू नळ सोडला होतास?"

"नाही."

"मग तसं सांग ना त्यांना! तोंडाला कुलूप का घातलंयस?"

त्यानं मान वर केली. डोळे कोरडे होते, आणि तेच बाईंना पाहवेना.

"आई, तू यात पडू नकोस. तुझ्या पाया पडतो. मीच केलं असं समज आणि घरी जा."

२

घरी जातील त्या फौजदारबाई कसल्या! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इन्स्पेक्टरला घेऊन टाकीशी हजर. पंप बंद, मीठ वाहणारे सरकते पट्टे बंद, सगळीकडे नुसती चिकट शांतता. टाकी कमरेइतकी खोल, पण पाणी गढूळ. तळ काही दिसत नाही. फळी अजून वाकडी पडलेली.

हा टाकीचा प्रकार आधी समजून घ्यायला हवा, म्हणजे पुढचं कळेल. खाणीतून किंवा मिठागरातून येणारं कच्चं मीठ असतं मातकट. ते साध्या पाण्यानं धुवायला गेलं तर मातीबरोबर मीठही वाहून जाणार. म्हणून ते मिठाच्याच पाण्यानं धुतात, तेही अशा पाण्यानं की ज्यात मिठाचा आणखी एक कणही मावणार नाही. माती निघून जाते, मीठ जागच्या जागी राहतं. बाईंचा धाकटा त्याला 'जेवलेलं पाणी' म्हणायचा. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यानं घरी येऊन पेल्यात प्रयोग करून दाखवला होता, आणि वरून विचारलं होतं, "आई, तू वाढतेस तसं कितीही आग्रह करून वाढ, घेतंय का बघ!"

बाईंनी पदर खोचला, सपाता काढल्या आणि सरळ टाकीत उतरल्या. इन्स्पेक्टर "बाई, बाई" करत राहिला. त्यांनी वाकून पहिल्या पायाखाली हात घातला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. आणि तिसऱ्याशी आल्यावर त्या चक्क हसल्या. कालपासून पहिल्यांदा.

"ये इकडे. बाह्या वर कर आणि हात घाल. काय लागतंय?"

"ठोकळा."

"कडा बघ कडा!"

इन्स्पेक्टरनं चाचपलं. ठोकळ्याची कडा करकरीत होती, नुकतंच वेष्टन काढलेल्या साबणाच्या वडीसारखी. ठोकळे दाबणाऱ्या प्रेसचा शिक्कासुद्धा बोटाला लागत होता.

"आता सांग मला," बाई म्हणाल्या, "गोडं पाणी सोडलं असतं तर ते काय फक्त चौथ्याच ठोकळ्याला चाटून गेलं असतं? एकाच टाकीत, एकाच पाण्यात तीन ठोकळ्यांचा टवकाही उडाला नाही आणि चौथा नावालाही उरला नाही. पाण्याचा यात काही दोष नाही. नळाचा नाही, आणि नळवाल्याचाही नाही."

 इन्स्पेक्टर म्हणाला, "कुणी उपसून काढला असेल."

"वर फळी असताना? ती उचलायला साखळीचा कप्पा लागतो, नाहीतर चार गडी. आठवड्याच्या सफाईला उचलतात तेवढीच. नाही, ठोकळा विरघळलाच. पण तो मिठाचा नव्हता."

चौथ्या पायाच्या जागी त्यांनी तळाला हात फिरवला. बाकी तळाला जाड, खरबरीत खडे होते. इथे मात्र रव्यासारखी बारीक, ताजी, स्वच्छ पखरण होती. मूठभर होती ती सगळी उचलून त्यांनी रुमालात बांधली, आणि बोटाला लागलेलं जिभेला लावलं. खारट होतं, पण मागून एक कडवट चव आली आणि जिभेवर रेंगाळत राहिली.

ही चव आपण कुठेतरी चाखलीय, असं बाईंना वाटलं. कुठे, ते काही केल्या आठवेना.

३

गोदामवाला हा घाबरट माणूस. त्याला काही विचारलं की आधी कपाळाचा घाम पुसायचा आणि मग उत्तर द्यायचा. बाईंनी त्याच्यासमोर स्टूल ओढलं.

"फळीचे ठोकळे कोण ठेवतं?"

"सफाईच्या दिवशी बदलतात, बाई. परवाच बदलले. प्रेसच्या खोलीतून येतात आणि तुमचा मुलगा ठेवतो. चांगला पोर आहे हो, त्याला उगाच..." त्यानं घाम पुसला. "बहीण तर किती जपते त्याला! काल सकाळी ताईसाहेब दोनदा येऊन मला बजावून गेल्या, त्याला आज फळीवर चढू देऊ नका, त्याला चक्कर येते म्हणून. पण तो ऐकतोय थोडाच! टाकीतली जाळी अडकली तसा चढलाच. मधोमध बसून सोडवली आणि उतरला. नशीब थोर म्हणून वाचला पोरगा."

बाईंना भरून आलं. थोरली तशीच होती, लहानपणापासून. धाकट्याच्या वाटचा मार स्वतः खायची. गेल्या वर्षी नवरा गेला तेव्हा आईकडे परत आली, तरी रडली नाही फारशी. भावाच्या डब्यात काय भरायचं याचीच काळजी करत बसायची. कारखान्यात ती मिश्रणाच्या खोलीत होती. रक्तदाबवाल्यांसाठी कमी सोडियमचं मीठ निघतं ना, त्यात साध्या मिठाबरोबर पोटॅशचा क्षार मिसळतात. ते प्रमाण सांभाळणं तिचं काम.

पोटॅश.

बाई स्टुलावरच सावरून बसल्या. चव आठवली. थोरलीनं एकदा घरी आणून चाखायला दिलं होतं ते मीठ. खारट, आणि मागून कडवट.

"पोटॅशची पोती कुणाच्या ताब्यात असतात?"

"माझ्या." घाम. "पण बाई, मी काही..."

"मॅनेजर आणि तुम्ही मिळून काय करत होतात?" बाईंनी अंधारातच दगड मारला. चाळीस वर्षांची सवय ती.

दगड लागला. गोदामवाल्यानं तोंड ओंजळीत लपवलं.

"त्यांनी सांगितलं म्हणून केलं, बाई. ते कमी सोडियमचं मीठ खपत नव्हतं, दुकानांतून पोतीच्या पोती परत यायची. फेकायचं कसं म्हणून साहेबांनी ते साध्या मिठाच्या पाकिटांत भरायला लावलं. मीठ ते मीठ, कुणाला काय कळतंय, म्हणाले. मला वाटलं खरंच काय बिघडतंय!"

इन्स्पेक्टरचे डोळे चमकले. बाहेर आल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, सापडला! भानगड बाहेर फुटायला लागली, म्हणून यानं मॅनेजरचाच काटा काढला. पोटॅश याच्या ताब्यात. पोटॅशचा ठोकळा मिठाच्या पाण्यात विरघळतो का?"

"विरघळतो," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज कुठूनतरी लांबून आला. "रात्रभरात हळूहळू. फळी तीन पायांवर तशीच उभी राहते, टोकाला कुणी जाईपर्यंत."

"मग झालं तर!"

बाई उलट्या फिरल्या आणि दारातूनच गोदामवाल्याला त्यांनी एकच प्रश्न विचारला. विचारू नये असं फार वाटत होतं, तरी विचारला.

"प्रेस कोण चालवतं?"

"मला कुठली येतेय ती, बाई," गोदामवाला म्हणाला. "खोलीची किल्ली एकट्या ताईसाहेबांकडे असते."

४

इन्स्पेक्टरला "उद्या बोलू" एवढंच सांगून बाई घरी आल्या. जिना चढताना त्यांना प्रत्येक पायरीवर वाटत होतं, आपण चुकतोय. म्हातारपणी डोकं भलतीकडे धावतं. घरात गेलं की थोरली असं काही साधं, सरळ सांगेल की आपलीच आपल्याला लाज वाटेल.

थोरली स्वयंपाकघरात खलबत्त्यात खडे मीठ कुटत होती. महिन्याभरापासून हे तिचं नवंच खूळ. एक दिवस घरातली मिठाची सगळी पाकिटं तिनं मोरीत रिकामी केली, आणि तेव्हापासून खडे आणून स्वतः कुटायची. बाई वैतागायच्या, "कारखान्यात नोकरीला माणूस आणि घरात आदिमानवासारखं मीठ कुटतंय!" थोरली नुसती हसायची.

 आज बाईंनी रुमाल ओट्यावर सोडला. ओला रवा वाळून पांढरा झाला होता.

"हे काय आहे, बघून सांग मला."

खलबत्ता थांबला. थोरलीनं रुमालाकडे पाहिलं, मग आईकडे. 

"कुठे होतं?"

"चौथ्या पायाखाली."

तिनं गॅस पेटवला. तार घेतली, टोक ओलं करून त्या पांढऱ्या पुडीत बुडवलं आणि ज्योतीत धरलं. ज्योत पिवळीधमक झाली. मिठाची होते तशी, भाजी उतू गेल्यावर होते तशी. बाईंच्या जिवात जीव आला. त्यांना वाटलं, आता ही म्हणेल, 'साधं मीठ आहे, आई.' म्हणू दे. आपण मान डोलवू. देवा, म्हणू दे तिला.

थोरलीनं फडताळात हात घातला. चमच्यांच्या डब्यामागे एक निळ्या काचेचा तुकडा असायचा, कॉलेजात असताना तिनं आणलेला. तेव्हा आईला तिनं किती कौतुकानं दाखवलं होतं! मिठाचा पिवळा रंग इतका जबर, की तो बाकीच्या रंगांना झाकून टाकतो. पण निळी काच पिवळ्याला अडवते आणि मागे दडलेला रंग दिसतो.

"नुसत्या डोळ्यांनी पिवळंच दिसेल, आई," थोरली म्हणाली. "ही लाव."

बाईंनी काच डोळ्यांना लावली. पिवळं नाहीसं झालं. ज्योतीत फिकट जांभळा रंग थरथरत होता.

"पोटॅश," थोरली म्हणाली आणि गॅस बंद केला. "जेवलेल्या माणसाच्या पोटातही गोडाला जागा असते, तसं आहे ते. मिठानं भरलेल्या पाण्यात मीठ मावत नाही, पण पोटॅश मावतं. आणि ते आत शिरलं की थोड्या मिठाला बाहेर पडावं लागतं. तोच हा रवा. तो तळाशी राहील हे माझ्या ध्यानात आलं नाही. बाकी सगळं आलं होतं."

"का गं?" बाई म्हणाल्या. "का केलंस गं बाई?"

थोरली खाली बसली. ओट्याला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन. अगदी भावासारखी.

"त्यांच्या किडन्या गेल्या होत्या ना, आई. डॉक्टरांनी बजावलं होतं, मीठ थोडं आणि साधंच. ते रक्तदाबवालं मीठ घरात आणायचं नाही, किडनीच्या माणसाला पोटॅश विष आहे. मी स्वतः त्या खोलीत काम करणारी, मला कळत नव्हतं का? साधंच आणायची. आपल्याच कारखान्याचं पाकीट. मोजून, चिमटीनं घालायची. ते गेले त्या दिवशी डॉक्टरांनी मला विचारलं, 'घरात कुठलं मीठ वापरता?' मी शपथ घेतली त्यांच्यासमोर. साधं, म्हटलं. त्यांना वाटलं मी खोटं बोलतेय."

 बाईंना तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण हात उचलेना.

"महिन्यापूर्वी ती परत आलेली पोती बघितली. घरी येऊन आपल्या मिठाची चिमूट ज्योतीत धरली आणि काच लावली. जांभळं दिसलं, आई. ताटात मी वाढलं होतं ते. माझ्या हातानं, रोज. मॅनेजरकडे गेले तर तो म्हणाला, तुमचे यजमान तसेही किती दिवस टिकणार होते? धाकट्याला हे सांगितलं, त्यावरूनच तो मॅनेजरशी भांडला."

५

"भावाच्या हातून ठेवून घेतलास ठोकळा?" बाईंनी विचारलं. आवाज फौजदाराचा होता. तो अजून येतोय याचंच त्यांना नवल वाटलं.

"तोच ठेवतो नेहमी. मी दिला, त्यानं ठेवला. सगळे म्हणतील ठोकळा चिरडला, फळी खचली, अपघात झाला. नळाचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला कायम पाणी म्हणजे ते जेवलेलंच पाणी दिसत होतं. बाहेरच्या माणसाला साधं पाणी सुचेल हे कसं सुचलं नाही मला?"

"काल सकाळी तो फळीवर चढला होता."

थोरलीनं वर पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं. तिच्या चेहऱ्याचा रंग उतरताना बाईंनी पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपण पोलिसात कधी गेलोच नसतो तर बरं झालं असतं.

"मी सांगितलं होतं गं गोदामवाल्याला," ती पुटपुटली. "मी दोनदा सांगितलं होतं."

मोरीतला नळ ठिबकत होता. रुमाल ओट्यावर पडला होता. चार बोटांची पुडी ती. उचलून नळाखाली धरली की वाहून जाणार, मग काही सिद्ध व्हायचं नाही. बाईंनी रुमालाकडे पाहिलं. थोरलीनं त्यांना तसं पाहताना पाहिलं.

"आणि त्याचं काय?" ती म्हणाली. "तो कबुली देऊन बसलाय, आई. दुपारी वकिलाचा निरोप आला. मी केलं, नळ सोडून केलं, असं लिहून दिलंय त्यानं. त्याला कळलंय सगळं. ठोकळा माझ्या हातून घेतला होता ना त्यानं."

बाईही खाली बसल्या. दोघी आता ओट्याला टेकून शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"तू जा मग," बाई म्हणाल्या. "तूच जाऊन सांग. मला नको लावूस हे करायला."

"दोनदा चौकीच्या दारापर्यंत जाऊन आले. पण माझं कोण ऐकणार? भावाला सोडवायला बहीण अंगावर घेतेय, असंच म्हणतील. आणि तो आतून ओरडेल की ती खोटं बोलतेय. दोघांच्या कबुल्या, कुणाची खरी मानायची? मला नीट मांडता यायचं नाही. तुला येतं. आणि इन्स्पेक्टरचा तुझ्यावर विश्वास आहे." तिनं निळी काच आईच्या मांडीवर ठेवली. "तू त्याला सोडवशीलच, हे कालच कळलं होतं मला. म्हणून तर थांबले."

बाई रडल्या. मोठ्यानं, पदर तोंडात न कोंबता रडल्या. आयुष्यभर ज्यांच्या पोरांना त्यांनी नेलं त्या सगळ्या आया अशाच रडायच्या, आणि बाई त्यांना पाणी देऊन म्हणायच्या, 'धीर धरा.' काय निर्लज्ज शब्द होता तो!

चौकीत त्यांनी सगळं मांडलं. न अडखळता, पुराव्यामागून पुरावा, शिकवणी घेतल्यासारखं. तीन ठोकळ्यांच्या कडा करकरीत आहेत, म्हणजे गोडं पाणी आत आलंच नाही. मुलानं कबुलीत नळ लिहिलाय, तिथेच ती खोटी ठरते. चौथ्या जागी बारीक रवा आहे, म्हणजे तिथे पोटॅश विरघळलं. पोटॅश गोदामवाल्याकडे असतं खरं, पण त्याचा ठोकळा दाबायचा तर प्रेस हवी, आणि तिची किल्ली एकाच माणसाकडे. मुलानं ठोकळा ठेवला. पण त्याला माहीत असतं तर त्याच सकाळी तो स्वतः फळीवर चढला नसता. आणि त्याला चढू देऊ नका असं बजावणारं माणूस एकच होतं.

इन्स्पेक्टरनं काच उलटसुलट करून पाहिली. मग ती खाली ठेवली.

"बाई," तो म्हणाला, "कडवट चव लागली तेव्हाच रुमाल झटकून टाकला असतात तर मला काहीसुद्धा कळलं नसतं."

"माझा मुलगा कधी सोडतोस ते सांग," बाई म्हणाल्या.

६

धाकटा घरी आला तेव्हा बाईंचा स्वयंपाक तयार होता. सकाळपासून त्या ओट्याशी उभ्या होत्या. तो येईल, हातपाय धुवेल, पाटावर बसेल, एवढाच विचार त्यांनी दोन दिवस धरून ठेवला होता. त्याच्या पलीकडचा विचार करायची त्यांची छाती नव्हती.

त्यानं हातपाय धुतले. पाटावर बसला. बाईंनी वाढलं. दोन ताटं घेतली होती. सवयीनं फडताळातून काढलेलं तिसरं त्यांनी गुपचूप परत ठेवलं. त्यानं ते पाहिलं.

भाजी अळणी झाली होती. पहिल्या घासालाच बाईंच्या लक्षात आलं. थोरलीनं कुटून ठेवलेलं मीठ बरणीत होतं, हाताच्या अंतरावर, पण त्या बरणीला त्यांना हात लावता आला नव्हता. धाकट्यालाही कळलं असणारच. लहानपणापासून मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घ्यायचा तो. आज त्यानं मागितलं नाही. मुकाट्यानं सगळं ताट संपवलं.

"भात घे ना थोडा."

"नको."

"माझ्याशी बोल रे काहीतरी."

त्यानं ताट मोरीत नेऊन घासलं, उपडं घातलं. मग आत जाऊन पिशवी घेऊन आला. तीत दोन सदरे होते आणि ताईनं विणलेला स्वेटर.

"तुझ्या पाया पडलो होतो मी," तो म्हणाला. आवाज चढला नाही, भांडला नाही. "माझी काही तक्रार होती का? मी राहिलो असतो आत. ताईनं एवढं सोसलंय, ती तरी बाहेर राहिली असती. तुला तुझं उत्तर बरोबर यायला हवं होतं, आई. आलं. बरोबर आलं."

"मी तुला सोडवलं रे," बाई म्हणाल्या. "मला दुसरं काय करता येणार होतं? तू निर्दोष होतास!"

"होतो," तो म्हणाला. "आणि तिच्या हातून ठोकळा घेतला तेव्हा तो नेहमीपेक्षा हलका लागला होता मला. तरी काही न विचारता ठेवला. ते कुठल्या काचेतून दिसलं तुला?"

तो सपाता घालून जिना उतरला. बाई दारात उभ्या राहिल्या. खालच्या मजल्यावरच्या कुणीतरी त्याला "सुटलास रे बाबा" म्हटलं, आणि तो काय म्हणाला ते वर ऐकू आलं नाही.

मग त्या आत आल्या. मिठाची बरणी तशीच होती. त्यांनी झाकण उघडलं, बोटाच्या टोकावर कण घेतला आणि जिभेवर ठेवला. निव्वळ खारट. मागून काही आलं नाही. लेकीनं चांगलं निवडून, स्वच्छ कुटून ठेवलं होतं, पुढचा महिनाभर दोघांना पुरेल एवढं.